पहिल्या सहा वर्षांचा हिशेब द्या!

'शिका' हा एक शब्द आपल्या समाजाने डोक्यावर घेतला आणि त्या शब्दाने पिढ्या उभ्या केल्या. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर अशा कोणत्याही तालुक्यातल्या वस्तीत जा. घरात धानाचे पोते नसेल, पण बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लेकराचे दप्तर नक्की असेल. पोटाला चिमटा घेऊन आईबाप पोरांना शिकवतात, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण एक प्रश्न आपण स्वतःला अजून नीट विचारलेला नाही. शिकणे कोणत्या वयात सुरू होते?

आपला सगळा हिशेब पहिलीच्या दाखल्यापासून सुरू होतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फीमाफी, राखीव जागा ही आपली सगळी भांडणे त्यानंतरची आहेत. ती भांडणे रास्तच आहेत आणि ती चालूच राहिली पाहिजेत. परंतु जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या काळात लेकराच्या वाट्याला काय आले, याचा जाब आपण शासनाला विचारत नाही आणि स्वतःलाही विचारत नाही. लहान पोर काय, खेळते आणि झोपते, अशी आपली समजूत. या समजुतीपायी आपल्या मुलांचे किती नुकसान झाले, हे मोजायला कोणी बसले नाही.

पहिलीच्या वर्गात दोन मुले शेजारी बसतात. दोघांचे वय सारखे, पाटी सारखी, गुरुजी सारखे. एकाने सहा वर्षांत हजारो गोष्टी ऐकलेल्या असतात. त्याच्याशी कोणीतरी रोज बोललेले असते, 'हे काय? ते कशाला?' या प्रश्नांना उत्तरे दिलेली असतात, त्याच्या हाती ठोकळे, चित्रे, रंग आलेले असतात. दुसऱ्याची आई पहाटे बांधीवर गेलेली असते आणि आठ वर्षांच्या बहिणीने त्याला कडेवर घेऊन वाढवलेले असते. चौथीपर्यंत पहिला 'हुशार' ठरतो आणि दुसऱ्याला 'याला डोकंच नाही' असे ऐकावे लागते. मग मनुवादी व्यवस्थेचा जुना निकाल नव्या भाषेत पुन्हा वाचून दाखवला जातो की बुद्धी जन्मजात असते, ती काही घराण्यांतच असते. शर्यत सुरू होण्याआधी एकाचे पाय बांधायचे आणि मग तो मागे राहिला म्हणून त्याच्या जातीला हसायचे, असा हा प्रकार आहे.

या अन्यायाला घटनेच्या इतिहासाचीही एक बाजू आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असली पाहिजे. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा, असे म्हटले होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमाच्या मसुद्यावर चर्चा झाली. तेव्हा हे शिक्षण केवळ 'प्राथमिक' म्हणून मर्यादित करावे, अशी दुरुस्ती पुढे आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला जुंपायला घटनेने बंदी केली आहे, तेव्हा ते मूल तोवर शिक्षणातच राहिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला म्हणून देशभर टाळ्या वाजल्या. पण तो हक्क दिला फक्त सहा ते चौदा वयाच्या मुलांना. सहा वर्षांखालच्या बालकांना ४५ व्या कलमातच ठेवले, म्हणजे राज्याने 'प्रयत्न करावा' एवढ्यावरच त्यांची बोळवण केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय शासन 'करू शकेल', अशी भाषा आहे. करावीच लागेल, असे कायदा म्हणत नाही. श्रीमंताच्या लेकराचे यात काही बिघडले नाही, कारण त्याची बालवाडी विकत मिळते. बिघडले ते रोवणीला जाणाऱ्या बाईच्या लेकराचे.

आता खेळाबद्दल. खेळ म्हणजे वेळ घालवणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. 'खेळून पोट भरते का?' हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? पण लहान मुलाच्या बाबतीत खेळ हेच शिक्षण असते. माणसाचा मेंदू सर्वांत वेगाने पहिल्या काही वर्षांतच घडतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे लिहून ठेवले आहे. ही वाढ नुसत्या दुधाभाताने होत नाही. बाळ हुंकार देते, आई त्याला हुंकाराने उत्तर देते. बाळ बोट दाखवते, आई त्या वस्तूचे नाव सांगते. या देवघेवीतून मेंदूतले धागे एकमेकांना जोडले जातात. ज्या बाळाला उत्तर मिळत नाही, ते हळूहळू विचारायचे थांबते.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीवर 'बुद्धिवर्धक' असे छापलेले असते म्हणून तिने बुद्धी वाढत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तेल लावताना, अंघोळ घालताना त्याच्याशी बोलत राहावे, त्याच्या आवाजाची नक्कल करावी. पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखवावे. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, हे फार मोठे ज्ञान बाळाला या खेळातून मिळते. घट्ट झाकणाच्या डब्यात चार खडे घालून खुळखुळा करावा. एक-दोन वर्षांच्या मुलाला वाट्या, झाकणे, पळी, टोपली द्यावी. ते आपटील, एकात एक घालील, ओतील आणि सांडील. मोठे काय, लहान काय, जड काय, हलके काय, हे त्याला त्यातूनच कळते.

तीन वर्षांनंतर तर आपला सारा परिसरच शाळा होतो. चिंचोके आणि करंजीच्या बिया वेगवेगळ्या करणे हे पहिले गणित आहे. वैनगंगेच्या काठचे गोटे लहान-मोठे असे ओळीने लावणे हे दुसरे. ओल्या मातीचे बैल आणि चूलबोळकी करणारी बोटे पुढे पेन्सिल नीट धरतात. फुले दोऱ्यात ओवणाऱ्या पोराची नजर आणि हात एकमेकांशी जुळतात. भातुकलीत कोणी सरपंच, कोणी नर्सबाई, कोणी बस चालवणारा होतो, तेव्हा मूल दुसऱ्याच्या जागी उभे राहायला शिकते. दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याचा हा पहिला धडा आहे. एक काळजी मात्र घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बिया, मणी, बारीक खडे देऊ नयेत. ते नाकात-घशात अडकतात. मोठ्या मुलांनाही ते मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच द्यावेत.

भाषेचेही तसेच. भंडाऱ्यातले पोर घरी झाडीबोली बोलते. ते बालवाडीत आले की 'असं नाही म्हणायचं, नीट बोल' म्हणून त्याला गप्प केले जाते. तीन वर्षांच्या मुलाचे पहिले शब्दच चुकीचे ठरवले, तर ते दुसरे शब्द बोलणार कशाच्या जोरावर? आजीने झाडीबोलीत सांगितलेली गोष्ट, दंडारीतली सोंगे आणि त्यांची पोरांनी केलेली नक्कल, हे भाषेचे भांडार आहे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी त्यावरच उभ्या राहतात. आधी पाया उखडायचा आणि मग मजले चढवायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत.

खेळाने खरेच काही फरक पडतो का, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे आणि ते आपल्यासारख्याच गरिबांच्या वस्तीतून आलेले आहे. जमैका हा गुलामांच्या वंशजांचा देश. त्याच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली एक प्रयोग सुरू झाला. कुपोषणाने वाढ खुंटलेली, ९ ते २४ महिने वयाची १२९ बालके निवडण्यात आली. काहींना फक्त पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला तासभर जाऊन, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन, बाळाशी कसे खेळावे आणि बोलावे हे आईला दाखवी. काहींना आहार आणि खेळ दोन्ही मिळाले आणि काहींना दोन्हीही नाहीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी तीच मुले शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती येऊन पोहोचली होती. नुसत्या आहाराचा असा दीर्घकाळ टिकणारा परिणाम मात्र दिसला नाही. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर असाच अभ्यास झाला. त्यांपैकी ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली. तिथे मुले आज काय खेळायचे ते स्वतः ठरवीत, खेळत आणि मग काय केले ते सांगत. शिक्षिका दर आठवड्याला घरीही जात. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालवाडीत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले, त्यांची मिळकत अधिक होती आणि तुरुंगाची वाट त्यांनी कमी धरली. ज्यांना वर्णामुळे मठ्ठ ठरवले जात होते, त्यांच्यात कमतरता नव्हती. कमतरता संधीची होती. बाबासाहेब आयुष्यभर वेगळे काय सांगत होते?

म्हणून अंगणवाडीकडे नुसते खिचडीचे ठिकाण म्हणून पाहणे थांबवले पाहिजे. खिचडी हवीच. उपाशी पोर खेळू शकत नाही, आणि आहारात काटकसर करणाऱ्या प्रत्येकाला जाब विचारलाच पाहिजे. पण पोट भरले म्हणून काम संपले, असे समजणे हीदेखील गरिबाच्या लेकराची फसवणूकच आहे.

बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर हे शास्त्र जन्माला आले तेच गरिबांच्या वस्तीत. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले, ते रोममधल्या सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत. आज त्यांचे नाव शहरांतल्या महागड्या शाळांच्या पाटीवर मिरवते आहे. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. मागास वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून 'अंगणवाडी' उभी राहिली. पाने, बिया, शिंपले, माती हेच त्यांचे साहित्य होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले जाऊ लागले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तीत ठरल्या. यातली सहावी सेवा कुठे हरवली?

ती हरवली याचा दोष अंगणवाडी सेविकेच्या माथी मारणे सोपे आहे. पण तिच्याकडे एकदा नीट पाहा. वजन तिने घ्यायचे, उंची तिने मोजायची, गरोदर बायांच्या घरी तिने जायचे, पोषण आहार तिने वाटायचा, मोबाइलवर माहिती तिने भरायची. सर्वेक्षण आले की तीच. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली, तिचे अर्ज भरायलाही तीच. या सगळ्यातून वेळ उरला तर मुलांना गोष्ट सांगायची. एवढे करूनही ती शासनाच्या लेखी कर्मचारी नाही, ती 'मानसेवी'. तिला वेतन नाही, मानधन. २०१८ साली केंद्राने आपला वाटा ३,००० वरून ४,५०० रुपये केला, त्यालाच मोठी वाढ म्हटले गेले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना पन्नासच्या वर दिवस संप करावा लागला. देशाचा पाया जिच्या हाती सोपवला, तिलाच रस्त्यावर बसावे लागते. यातून पहिल्या सहा वर्षांना शासन किती किंमत देते, ते कळते.

कागदावर कमी नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' ही मोहीम सुरू केली. अंगणवाडीत रोज किमान दोन तास खेळातून शिक्षण व्हावे, असे तीत म्हटले. २०२४ साली जन्म ते तीन वर्षे वयासाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हे आराखडे आले. महाराष्ट्राचा स्वतःचा 'आकार' हा बालशिक्षण अभ्यासक्रम त्याआधीपासून आहे. या सगळ्यांत खेळ, गाणी, गोष्टी, चित्रे, परिसर यांवर भर आहे. म्हणजे काय करायला हवे, हे शासनाला ठाऊक आहे. ठाऊक असून होत नसेल, तर प्रश्न अज्ञानाचा राहत नाही, इच्छेचा होतो.

भंडाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. ती बाळे सरकारी दवाखान्यावाचून दुसरा आधार नसलेल्या घरांची होती. बाळ जगले पाहिजे, हा पहिला हक्क आहे. जगलेले बाळ फुलले पाहिजे, हा दुसरा. गरिबाच्या बाळाच्या बाबतीत हे दोन्ही हक्क दयेवर सोडून चालणार नाही.

आईला वेळ मिळाल्याशिवाय बाळाला खेळ मिळत नाही, हेही विसरून चालणार नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठामपणे मांडले होते. पण शेतमजूर बाईला ही विश्रांती आजही कुठे आहे? धानाची रोवणी लागली की ओली बाळंतीणही चिखलात उतरते. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटेच जंगल गाठावे लागते. विडीचा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण सूप मांडीवर घेऊन दिवसभर विडी वळत बाजूच्या बाळाला पायाने झोका देणारी आई या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्यापुरती. घरी बसून विडी वळणारीच्या बाळाला तिचा उपयोग नव्हता. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असे सांगितले होते. ती बाई किती कामांवर दिसली, हे कामावर गेलेल्या बायांनाच विचारा.

आणि जिथे पाळणाघर नाही, तिथे मोठी बहीण पाळणाघर होते. रोवणीच्या दिवसांत आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेतून गायब होते, कारण घरी लहान भाऊ आहे. एका लेकराचा खेळ गेला आणि दुसरीचा वर्ग बुडाला. सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. त्या शाळेचे दार आजही काही मुलींना बंद असते, आणि कडी बाहेरून लावणारा कोणी दुष्ट माणूस नसतो, ती आपलीच गरिबी असते. म्हणून बाळाच्या खेळाची मागणी ही मुलींच्या शिक्षणाचीही मागणी आहे.

आता थोडे आपल्याबद्दलही बोलू. शासनाला जाब विचारताना आपल्या घरात काय चालले आहे, तेही पाहिले पाहिजे. हातात चार पैसे आले की आपण तीन वर्षांचे पोर अंगणवाडीतून काढून 'कॉन्व्हेंट'च्या गाडीत बसवतो. टाय बांधला, इंग्रजी पाटी दिसली की आपल्याला वाटते, लेकरू पुढे गेले. त्या खोलीत पन्नास मुले बाकावर गच्च बसवलेली असतात, मैदान नसते, खेळणी नसतात आणि तीन वर्षांच्या बोटांना रोज दोन पाने लिहायला लावतात. ज्या बोटांनी अजून माती मळायची, त्यांना पेन्सिल टोचते. मूल पाठांतर करून पाहुण्यांपुढे इंग्रजी गाणे म्हणून दाखवते आणि आपण खूश होतो. इंग्रजी शिकली पाहिजे, ती उत्तमच शिकली पाहिजे, यात दुमत नाही. पण तीन वर्षांच्या मुलाची जिज्ञासा मारून ती येत नाही. ज्यांची आपण नक्कल करतो, त्या साहेबलोकांची मुले या वयात वाळूत खेळत असतात.

आणि आपण बाहेर पडलो की अंगणवाडीचे काय होते? ज्याला आवाज आहे, तक्रार लिहिता येते, तो पालक निघून जातो. मागे उरतात ती सर्वांत गरीब घरांची मुले. मग छत गळले तरी कोणी बोलत नाही, खेळण्यांची पेटी कुलपात राहिली तरी कोणी विचारत नाही. आपली संस्था आपणच ओस पाडतो आणि वर ती वाईट आहे म्हणून बोट दाखवतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आपल्या वस्तीत अंगणवाडी आहे का ते पाहा. १३ डिसेंबर २००६ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. नवी केंद्रे उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले होते. अंगणवाडी गावात असली, पण वस्तीपासून दूर, किंवा जिथे आपल्या लेकरांना बाजूला बसवले जाते अशा जागी असली, तर गप्प बसू नका. लेखी द्या, पोच घ्या.

दुसरी गोष्ट, ग्रामसभेत खेळाचा विषय मांडा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो पैसा कशावर गेला, हे विचारा. त्यातून ठोकळे, चित्रांची पुस्तके, रंग, चटया, झोके येऊ शकतात. रोज दोन तास शिकवण्याचे ठरले आहे, तर ते दोन तास इतर कामांतून मोकळे ठेवा, अशी मागणी सेविकेच्या वतीने पालकांनी करावी. सेविका आपल्या बाजूची आहे. तिच्या मानधनाचा लढा हा आपल्या लेकरांचाच लढा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. वस्तीवस्तीत बुद्धविहारे आहेत. दिवसातला बराच वेळ त्यांना कुलूप असते. संध्याकाळचा एक तास ती लहान मुलांसाठी उघडी का असू नयेत? शिकलेली तरुण मुले-मुली पाळीने गोष्ट सांगतील, आज्या गाणी म्हणतील, सुताराकडचे लाकडाचे तुकडे घासून ठोकळे होतील. ज्या काळी पोटाची भ्रांत होती, त्या काळी कामठीच्या बाबू हरदासांनी विडी मजुरांना संघटित केले आणि रात्रशाळाही चालवली. त्यांच्या नावाने जयंती करणाऱ्यांना दिवसाचा एक तास जड जाऊ नये. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला, तर वस्तीतल्या मुलांना वर्षभर पुरतील एवढी चित्रांची पुस्तके येतात. हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर करून पाहावा.

चौथी गोष्ट बापांसाठी. लेकराशी खेळणे हे बायांचे काम, असे मानणारा बाप स्त्रीमुक्तीवर भाषण करण्याच्या लायकीचा नाही. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास पोराला मांडीवर घेऊन त्याचे ऐकायला पैसा लागत नाही. मोबाइल हातात देऊन त्याला गप्प करणे सोपे आहे, पण तो पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल ओढत मिरवतात, मोठी माणसे कौतुकाने पाहतात, हातावर खाऊ-पैसे ठेवतात. वर्षातला एक दिवस सगळे गाव खेळण्याला मान देते. उरलेल्या दिवसांचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बाबासाहेब १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्यांच्या वाट्याला लहानपणी शाळेत वेगळे गोणपाट आले होते. आज आपल्या मुलाला कोणी उघडपणे गोणपाटावर बसवू धजत नाही, हे आपण लढून मिळवले. पण पहिलीच्या बाकावर बसण्याआधीच ते मूल मागे पडलेले असेल, तर बाक मिळूनही अंतर तसेच राहते. येत्या ग्रामसभेत प्रत्येक वस्तीने एकच प्रश्न लेखी द्यावा: आमच्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी या गावाने या वर्षी काय केले? उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न मागे घेऊ नये.